निवासी शाळेतली प्रयोगशाळा आणि रात्री साडेआठची किल्ली

घाटवाट | मंगळवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

सातारा जिल्ह्यात घाटमाथ्यावरच्या एका निवासी शाळेत गेली तीन वर्षं विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा प्रमुख आहे. नाव विचारू नका. पाचवी ते बारावी, राज्य मंडळ, चारशेच्या आसपास मुलंमुली. विभागात नऊ शिक्षक, दोन प्रयोगशाळा सहायक, एक परिचर. त्याआधी बारा वर्षं पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. तिथलं गणित सरळ होतं. बॅच आली, प्रॅक्टिकल झालं, जर्नलवर सही, व्हर्नियरची शून्य त्रुटी न काढता उत्तर ठोकणाऱ्याला चार शब्द, पाच वाजता कुलूप. मुलं त्यांच्या घरी, मी माझ्या.

इथे मुलं घरी जातच नाहीत, हे कळायला मला एक सत्र लागलं. म्हणजे माहीत होतं, कळलं नव्हतं.

रुजू झालो तेव्हा प्राचार्यांनी चार डेडस्टॉक रजिस्टरं आणि किल्ल्यांचा जुडगा हातात दिला. रजिस्टरात 'किप्स ॲपरेटस (वायू तयार करायचं काचेचं उपकरण), नग २'. प्रत्यक्षात दीड. फुटलेलं काचसामान निर्लेखन (म्हणजे नोंदीतून रीतसर काढून टाकणं) न करता वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवलेलं, कारण निर्लेखनाला समिती लागते आणि समितीला कोणाला वेळ नसतो. सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर बुरशी. आमच्याकडे पाऊस जूनला येतो तो ऑक्टोबरपर्यंत मुक्कामालाच. पूर्वी कपाटात चाळीस वॅटचा दिवा लावून ठेवत, त्याच्या उबेनं भिंगं कोरडी राहत. मग कुणीतरी वीज वाचवायला तिथे एलईडी बसवला. उजेड झक्क, ऊब शून्य. कपाटातल्या बुरशीची सोय झाली.

अटल टिंकरिंग लॅबही आहे, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू जोडून-बनवून बघायची खोली. नीती आयोगाच्या या योजनेत २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षांच्या खर्चाला. आमचा थ्री-डी प्रिंटर द्राक्षांचे घोस छापलेल्या प्लास्टिकच्या टेबलक्लॉथखाली झाकलेला होता. तपासणीच्या दिवशी टेबलक्लॉथ निघायचा, दुसऱ्या दिवशी परत चढायचा. मी मशीन सुरू करायला गेलो तर दमट हवेत राहिलेली प्लास्टिकची तार सुक्या शेवईसारखी कटाकट मोडली.

हे सगळं मार्गी लागलं, त्यात फार सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते पुढचं.

आमचं वेळापत्रक असं: सहा ते आठ प्रेप म्हणजे सक्तीचा अभ्यास, आठला जेवण, दहाला दिवे बंद. साडेआठ ते पावणेदहा मुलं नुसती फिरतात, भांडतात, कट्ट्यावर बसून घरची आठवण काढतात. पुण्यातल्या कुठल्याही शाळेला असा सव्वा तास पैसे टाकूनही मिळणार नाही. मी आठवड्यातून तीन दिवस त्या वेळात प्रयोगशाळा उघडायला लागलो. नियम दोनच. आम्लांच्या आणि रसायनांच्या कपाटाला हात नाही, आणि भिंतीतल्या वीजजोडणीला हात नाही. सूक्ष्मदर्शक, बॅटरीवरची सर्किटं, हत्यारं, दुर्बीण, काय हवं ते घ्या. अभ्यासक्रम नाही, हजेरी नाही. पहिल्या दिवशी चाळीस मुलं आली. महिन्याभरात अकरा उरली. ही अकरा मात्र कायम.

त्यात सातवीतली एक मुलगी आहे. तिने एकदा मेसच्या भातात सापडलेला किडा कागदाच्या पुडीत आणला. सोंडे किडा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची सोंड बघून हरखली. मग तिला पडला प्रश्न, की हा भोक न पाडलेल्या दाण्याच्या आत गेला कसा. मी उत्तर दिलं नाही. तिने बाटलीत तांदूळ आणि किडे ठेवले, तोंडाला मलमल बांधली, महिनाभर रोज नोंद केली. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, हे तिने एकेक दाणा ब्लेडने चिरून शोधलं. तोवर सगळं गोड होतं. पुढे तिने कोठीतल्या अकरा पोत्यांतून प्रत्येकी शंभर ग्रॅम तांदूळ मागून आणला, किडे मोजले आणि पोत्यावरच्या तारखेसकट तक्ता काढून प्रयोगशाळेच्या दाराबाहेर लावला.

मेस व्यवस्थापक थेट प्राचार्यांकडे. तिसऱ्या दिवशी मला पत्र: 'सुरक्षेच्या कारणास्तव सायंकाळी ६ नंतर प्रयोगशाळेची किल्ली रेक्टर कार्यालयात जमा करावी.'

निवासी शाळेत काम केलेल्यांना विचारायचंय. तुमच्याकडे शाळा सुटल्यावर किल्ली कोणाकडे असते? आणि खरं सांगा, मी माझा अहंकार कुरवाळतोय का?

---

बटाटेवडा | रात्री ११:१२

दीड किप्स ॲपरेटस! वाचतोय. तक्त्याचा फोटो टाका.

---

सुरंगी | बुधवार, सकाळी ६:४०

मी कोकणात एका निवासी कन्याशाळेत सात वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. राग मानू नका.

रात्रीची प्रयोगशाळा छानच, पण ती उघडी ठेवतं कोण? तुम्ही आवारातच राहत असणार. साडेआठला तुम्ही मोकळे असता, कारण घरात कोणीतरी ओटा आवरत असतं. आमच्याकडे असेच एक उत्साही विभागप्रमुख होते. त्यांच्या 'संध्याकाळच्या विज्ञान कट्ट्या'ची पाळी आम्हा सगळ्यांवर आली. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. तिला मांडीवर घेऊन मी कांद्याच्या मुळाच्या स्लाइड दाखवल्या आहेत. त्याचा ना मोबदला, ना बदली रजा. वर 'तुमच्यात पॅशन नाही' हे ऐकून घ्यायचं.

आणि तुमचे परिचर? त्यांची वेळ किती ते किती? सांडलं, फुटलं, तर निस्तरणार तेच ना?

किड्यांचा तक्ता मात्र झकास. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी.

---

घाटवाट | सकाळी ८:०५

सुरंगीताई, राग कसला. बरोबर जागी बोट ठेवलंत.

पहिलं वर्षभर मी एकटाच बसायचो, इतर कोणाला पाळी लावली नाही. हा मोठेपणा वाटायचा मला. आता वाटतं तीच चूक होती. कारण मी आजारी पडलो त्या दोन आठवड्यांत प्रयोगशाळा बंद, आणि कोणाला काही वाटलंही नाही. एका माणसाच्या हौसेवर चालणारी गोष्ट ही विभागाची नव्हेच.

परिचर मामांची ड्यूटी दहा ते साडेपाच. रात्री ते यायचे, आपणहून यायचे, पण मी 'आपणहून' म्हणतोय ते विभागप्रमुखाच्या तोंडून. त्यांना विचारलं नव्हतं. आज विचारतो. (अवांतर: घरचा ओटा आई आवरते. मुद्दा तोच राहतो.)

---

माजी नवोदयी | सकाळी ११:३०

मी नवोदयचा. १९८५-८६ मध्ये पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली, हरियाणात झज्जर आणि आपल्याकडे अमरावती. मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या जिल्ह्यात. सहावी ते बारावी सात वर्षं वसतिगृह, तेव्हा मुलांच्या बाजूने लिहितो.

आमच्यातलं खरं तंत्रज्ञान प्रयोगशाळेत नव्हतंच, पलंगाखाली होतं. ब्लेडचा हीटर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दाढीची दोन ब्लेडं, मध्ये आगपेटीच्या काड्या, दोऱ्याने आवळायचं, दोन वायरी, आणि बादलीत सोडून प्लगात. थंडीत पाच मिनिटांत पाणी कढत. (कृपया कोणी करू नका, बादलीतल्या त्या पाण्याला वीज असते.) एकदा आख्ख्या सदनाचा फ्यूज उडाला आणि रंगेहाथ सापडलो. हाउसमास्टर घरी पाठवायला निघाले. विज्ञानाचे सर म्हणाले, आधी माझ्याकडे पाठवा.

त्यांनी बारा व्होल्टवर तोच हीटर काचेच्या भांड्यात करायला लावला. साध्या पाण्यात काही होईना. मीठ टाकलं तर बुडबुडे आणि जरा ऊब. मग म्हणाले, तुझ्या बादलीतलं पाणी कुठलं? बोअरचं. त्यात क्षार किती? मग हात घातला असतास तर वीज कुठून कुठे गेली असती, फळ्यावर काढ. मी आकृती काढली. शेवटचा बाण माझ्या छातीतून जात होता. त्यानंतर मी गार पाण्यानेच आंघोळ केली, बारावीपर्यंत.

आणखी एक. नवोदयमध्ये नववीत काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात जातात आणि तिकडची इकडे येतात. आमच्याकडे आलेल्या मुलांना मराठी येईना, आम्हाला त्यांची हिंदी झेपेना. पहिले दोन महिने मेसमध्ये वेगळी टेबलं. प्रयोगशाळेत मात्र एक बन्सन बर्नर आणि चौघे जण. तिथे 'पकड, पकड', 'अबे जल जाएगा' एवढ्यावर भागायचं.

किल्ली सरांकडेच असायची. लुंगीवर यायचे उघडायला.

---

फ्यूजतार | दुपारी १:१५

विद्युत अभियंता म्हणून भर घालतो. मुलं हीटर करणारच, असं धरून चाला. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्याला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते पहिल्यांदा बघा. एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) असून भागत नाही. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसातून गळणारी वीज त्याला कळतच नाही. आणि आरसीसीबीवर एक 'टेस्ट' बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं असतं. किती शाळांत दाबतात? हे काम तुमच्या त्या अकरा मुलांना द्या (बटण दाबणं, आतलं उघडणं नव्हे). नोंदवही ठेवा. रेक्टरांना पटेल असं हे विज्ञान आहे.

---

तोरणमाळ | दुपारी ४:४८

धागा वाचून हसू आलं, मग जरा वाईट वाटलं.

मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेवर आहे. विभागप्रमुख? आमच्याकडे विभागही मीच. आठवी ते दहावी गणित-विज्ञान एकट्याकडे. प्रयोगशाळा म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली मागायला कोणी येत नाही, कारण त्यात पळवण्यासारखं काही नाही.

पण सर, मुलं राहतात हे भांडवल आमच्याकडेही आहे. रात्री वीज गेली की मी मुलांना पटांगणात आणतो. तुमच्या दुर्बिणीची गरज नाही, इथे आकाशगंगा डोळ्यांनी दिसते. मी मृग नक्षत्र दाखवायला गेलो तर पोरांनी मलाच त्यांची नावं सांगितली, त्यांच्या आजोबांनी शिकवलेली, कुठलं पावसाच्या आधी दिसतं, कुठलं पेरणीला. ती सगळी एका वहीत लिहून ठेवतोय. दहावीच्या पुस्तकात याला गुण नाहीत. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ ला चाळीस, भाग २ ला चाळीस, प्रात्यक्षिकाला वीस, यात ही वही कुठे बसवू? तरी ठेवतोय.

तुमच्याकडे जास्तीचे सूक्ष्मदर्शक असतील तर एक द्या. बुरशीवाला चालेल.

---

पिपेट | सायंकाळी ७:२२

तोरणमाळ, व्यनि (खाजगी निरोप) बघा. माझ्याकडे जुना एक आहे, भिंग स्वच्छ.

घाटवाट, तुमच्या प्रिंटरच्या तारेबद्दल. हवाबंद डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल टाकून ठेवत असाल. ते भिजल्यावर सुकवता कुठे?

---

घाटवाट | सायंकाळी ७:४०

मेसच्या ओव्हनमध्ये, पाव भाजून झाल्यावर. का?

---

पिपेट | सायंकाळी ७:४४

वाटलंच. निळं, ओलं झाल्यावर गुलाबी होणारं असेल तर त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. ते खाण्याच्या भांड्यांजवळही नको. आजच बंद करा. नारिंगी मिळतं ते घ्या आणि सुकवायला प्रयोगशाळेतला वेगळा ओव्हन वापरा.

आता मी रेक्टरच्या बाजूनेही बोलतो, कारण मी रसायनवाला. एका निवासी महाविद्यालयात असताना संध्याकाळी बारावीचं सॉल्ट ॲनालिसिस (क्षार ओळखण्याचं प्रात्यक्षिक) चाललं होतं. किप्समधला हायड्रोजन सल्फाइड खिडकीतून मेसकडे गेला. आचाऱ्याला वाटलं सिलिंडर गळतोय. त्याने मेन बंद केला, घंटा वाजवली, दोनशे मुलं ताटावरून उठून मैदानात. रेक्टर पाच मिनिटांत माझ्यापुढे. तो माणूस घाबरलेला होता, चिडलेला नव्हता. रात्री काही झालं तर पालकांचा पहिला फोन विभागप्रमुखाला जात नाही, रेक्टरला जातो. त्याला किल्ली का हवी असते, ते तेव्हा कळलं.

---

बटाटेवडा | सायंकाळी ७:५१

म्हणजे पावाला कोबाल्टची फोडणी. चालू द्या.

---

पालक_२०११ | रात्री ९:३०

एक वेगळी बाजू. माझा मुलगा अशाच एका शाळेत नववीत आहे. फी तुम्हाला माहीत असेलच. आम्हाला शाळेकडून हवं ते एकच, अकरावी-बारावीला जेईई किंवा सीईटीची नीट तयारी. त्या सव्वा तासात मुलाने सोंडे किडे मोजले तर मला फोनवर काय सांगणार तो? कडू वाटेल, पण फी भरणारे बहुतेक असाच विचार करतात. तक्रार करणारा मेसवालाच असेल असं धरू नका.

---

घाटवाट | रात्री १०:१५

कडू नाही वाटलं. अकरावी-बारावीची संध्याकाळ माझ्या हातात नाहीच. ती बाहेरच्या क्लासशी करार करून शाळेने केव्हाच देऊन टाकली. तिथे मी हरलोय, लढायलाही गेलो नाही. माझं म्हणणं सहावी ते दहावीपुरतं. आणि तुमचा मुलगा फोनवर किड्यांबद्दल बोलला तर ऐका हो. तेरा-चौदाव्या वर्षी वसतिगृहातून पोरं फोनवर 'ठीक आहे' याशिवाय काही सांगत नाहीत.

पिपेट, निळं जेल आज दुपारीच उचललं असतं तर बरं झालं असतं. ओव्हनचा ट्रे बाजूला काढलाय, उद्या नवीन आणतो. प्राचार्यांना लेखी कळवलं. मुलीने तक्ता लावला म्हणून मेस व्यवस्थापकावर चिडलो होतो, आणि त्याच्या ओव्हनमध्ये मी काय करत होतो! माफी मागायला गेलो तर तो हसलाच नाही. मीही हसण्याची अपेक्षा ठेवली नव्हती.

---

सुरंगी | रात्री १०:४०

हे लिहिलंत ते आवडलं. ग्रहणाच्या वेळी काय केलंत? सप्टेंबरचं. आमच्याकडे त्या रात्री वसतिगृहाच्या खिडक्या बंद केल्या होत्या म्हणे.

---

घाटवाट | रात्री ११:२०

७ सप्टेंबर २०२५, रविवार, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. खग्रास लागणार रात्री अकराला आणि सुटणार साडेबाराच्या आत. दिवे बंद दहाला. रेक्टर म्हणाले, चारशे मुलं अंधारात बाहेर नकोत. मी आठवी-नववी मागितली, आठवी मिळाली.

खरी अडचण मेसमध्ये. आचारी म्हणाले, वेध लागले, दुपारनंतर चूल पेटणार नाही. मी वाद घातला नाही. मागे एकदा वाद घालून बघितलाय, त्यात रस्सा पातळ होतो. तडजोड झाली, पाच वाजता जेवण आणि रात्रीसाठी राजगिऱ्याचे लाडू, डब्यावर तुळशीचं पान ठेवून.

साडेनऊपासून ढग. दहा वाजले, साडेदहा, अकरा. पोरं गवतावर आडवी, निम्मी घोरायला लागली. अकरा वीसच्या सुमारास ढग फाटले आणि सात-आठ मिनिटं तो तांबडा गोळा दिसला. आवाज बंद. आचारीही आले होते, डोक्याला मफलर. दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, 'लाल झालाय खरा', आणि आंघोळीला गेले.

एक जण कुरकुरला, की सर, हे तर पुस्तकात जास्त चांगलं दिसतं.

याउलट शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो तो) आम्हाला कधीच साधत नाही. आमच्या अक्षांशाला तो मेच्या मध्यावर येतो तेव्हा मुलं घरी, आणि जुलैच्या शेवटी येतो तेव्हा सूर्य कुठे असतो ते विचारू नका.

---

कलबागभक्त | गुरुवार, सकाळी ९:१०

उशिरा आलो. पाबळला विज्ञान आश्रमात एकदा जाऊन या. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केला, शिरूर तालुक्यात. तिथली मूळ कल्पना अशी, की मुलांनी गावाला लागणारी कामं करावीत आणि त्यातून विज्ञान शिकावं. तुमचं गाव म्हणजे तुमचं वसतिगृह. त्या मुलीने नेमकं तेच केलं, फक्त गावाला विचारलं नव्हतं. तिला नुसते किडे मोजायला लावू नका, उपाय करायला लावा. मग मेसवाला स्वतः किल्ली आणून देईल.

तिथून खोडदही लांब नाही, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. विज्ञानदिनाला बघायला सोडतात, आसपासच्या शाळांचं प्रदर्शनही असतं. गर्दी असते, लवकर निघा.

---

फ्यूजतार | सकाळी ९:५०

+१. मेसवाला किल्ली आणून देईल या भागाला मात्र –१.

---

घाटवाट | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:३०

धागा वर काढतोय, काही जणांनी व्यनित विचारलं म्हणून.

प्राचार्यांबरोबर बैठक झाली. रेक्टर, मेस व्यवस्थापक, मी आणि माझ्या आग्रहावरून परिचर मामा. ठरलं ते असं. किल्ली रेक्टर कार्यालयातच राहणार. साडेआठला ज्याची पाळी तो सही करून घेणार, पावणेदहाला सही करून देणार. आठवड्यात तीनऐवजी दोन दिवस. नऊपैकी चौघे आपणहून तयार झाले (यावेळी मी खोलीबाहेर गेल्यावर विचारलं गेलं), आणि त्यांना दुसऱ्या दिवशी पहिला तास सुटी. सुरंगीताई, हे तुमच्यामुळे. मामा म्हणाले, मी मंगळवारी येईन, शुक्रवारी नातवाला गोष्ट सांगायची असते. त्यांना मंगळवारी दुपारची सुटी.

किल्ली माझ्या जुडग्यातून काढून खिळ्याला लावली तेव्हा बरं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण मुलांनी दाबलं. सहा मजल्यांपैकी दोन ठिकाणी काहीच झालं नाही. इलेक्ट्रिशियन बोलावलाय. रेक्टर त्या दिवसापासून माझ्याशी जरा बरे बोलतात.

तक्ता दारावरून काढला, कोठीत लावला. व्यवस्थापकांनी जुनी तीन पोती परत पाठवली, बाकीच्यांचा क्रम तारखेप्रमाणे लावला. मुलीला त्यांनी एवढंच विचारलं, 'कडुनिंबाचा पाला टाकून फरक पडतो का गं?' तिच्याकडे आता सहा बाटल्या आहेत, तीन पाल्याच्या, तीन बिनपाल्याच्या. प्रत्येकीत वीस किडे मोजून टाकायचेत, आणि ते हातात धरले की मेल्याचं सोंग घेतात. त्यामुळे जिवंत किती हे मोजायची तिची पंचाईत झालीय. कोणाला युक्ती माहीत आहे का?

---

पिपेट | दुपारी ४:०२

पांढऱ्या ताटात ओता आणि टेबललॅम्पखाली दोन-तीन मिनिटं हात न लावता ठेवा. ऊब लागली की चालायला लागतात. जे हलले ते मोजा. दिवा एलईडीचा नको.

---

तोरणमाळ | सायंकाळी ६:२०

सूक्ष्मदर्शक पोचला, पिपेट सर. पोरांनी पहिल्यांदा डोक्यातली ऊ बघितली. आज आख्खी शाळा केस धुतेय.